यंत्रशिल्पी तनाका हिसाशिगे

जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर कुरुमे नावाचे गाव आहे. या गावी १७९९ साली एका कारागिराच्या घरी एक मुलगा जन्मास आला. वडिलांचा धंदा कासवाच्या कवचापासून फण्या, केसांतील आकडे व तशाच नाजूक वस्तू घडवण्याचा होता. मुलाचे नाव गिएमोन असे होते. पुढे तनाका हिसाशिगे या नावाने त्याची कीर्ती देशभर पसरली. तथापि गावच्या लोकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव ‘काराकुरी गिएमोन’ असेच राहिले. ‘काराकुरी’ या जपानी शब्दाचा अर्थ गुप्त कळ किंवा युक्तीने चालणारे यंत्र असा आहे.

त्या काळी जपानने जगाकडे पाठ फिरवली होती. परदेशी जहाजांना देशात मज्जाव होता. केवळ नागासाकी या एका बंदरात डच व चिनी व्यापाऱ्यांना ये-जा करता येई. युरोपात वाफेची यंत्रे खाणींत व गिरण्यांत खडखडत होती. जपानमध्ये मात्र त्यांची वार्ता एखाद्या डच पुस्तकातून काय पोहोचेल तेवढीच. अशा देशात, कोणतेही तांत्रिक शिक्षण न मिळालेला हा मुलगा वडिलांच्या कामठ्यावर बसून बारीक हत्यारे चालवण्यास शिकला. कासवाचे कवच हा मोठा लहरी पदार्थ आहे. हात जरा जड पडला की ते तडकते. तेथे मिळालेली हाताची ही शिस्त त्याला आयुष्यभर पुरली.

तो नऊ वर्षांचा असतानाची एक हकीकत सांगतात. पाठशाळेतील त्याचे सोबती त्याच्या लेखनसाहित्याची पेटी उघडून खोड्या करीत. त्याने कुणाकडे गाऱ्हाणे नेले नाही. त्याने एक नवी पेटी तयार केली. पेटीला दोरी बांधलेली होती व ती विशिष्ट रीतीने पिळल्यावाचून झाकण उघडत नसे. दांडगट मुलांनी खटपट करून पाहिली. परंतु पेटी काही उघडेना. रागावर त्याने शोधलेला हा उपाय त्याच्या स्वभावाचा चांगला नमुना आहे.

गावात इनोउए देन नावाची एक कुशल विणकर स्त्री राहत असे. विणण्यापूर्वी सूत ठिकठिकाणी बांधून रंगवायचे व मग त्याच्या ठिपक्यांतून नक्षी उठवायची, अशी कापडाची एक तऱ्हा तिने कुरुमेत रूढ केली होती. आपल्याकडील पटोळ्यांचे वा इकत वस्त्रांचे तंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना सहज यावी. देनला केवळ ठिपके नकोत, तर कापडावर चित्रे उमटावीत असे वाटे. हिसाशिगे तिच्याहून अकरा वर्षांनी लहान होता. तरीही तिने आपली अडचण त्याच्यापुढे मांडली. पंधरा वर्षांच्या त्या मुलाने तिच्या मागाला व सूत बांधण्याच्या रीतीला जोड देणारी युक्ती काढली, आणि कुरुमेच्या कापडावर चित्रे अवतरली. वडिलांच्या मागे घरचा धंदा थोरल्या मुलाने चालवायचा अशी रीत होती. हिसाशिगेने तो धाकट्या भावाकडे सोपवला आणि स्वतः यंत्रे घडवण्याचा मार्ग धरला.

परंतु यंत्रे कोणती? कारखाने नव्हते, रेल्वे नव्हती, आगबोटी नव्हत्या. यंत्रविद्येला त्या देशात एकच घर उरले होते, आणि ते म्हणजे बाहुल्यांचा खेळ. ओसाका शहरात सतराव्या शतकापासून यांत्रिक बाहुल्यांची नाटकगृहे चालत. १७९६ साली एका विद्वानाने या बाहुल्यांची रचना सचित्र समजावून देणारा एक ग्रंथही प्रसिद्ध केला होता. त्यातील चहा देणारी बाहुली तर घरोघर ठाऊक होती. यजमान तिच्या हातातील तबकात चहाची वाटी ठेवी. वाटीचा भार पडताच आतील खीळ सुटे व बाहुली पाहुण्याकडे चालू लागे. पाहुण्याने वाटी उचलली की भार जाऊन खीळ बसे व ती जागीच थांबे. रिकामी वाटी परत ठेवली की ती वळून यजमानाकडे जाई. हे सारे घडवून आणणारी कमान लोखंडाची नव्हती; देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्टी वाकवून ती केलेली असे. वरून झगा, आत लाकडाची दातेरी चाके!

हिसाशिगेने ही विद्या आत्मसात केली आणि तिच्यात भर घातली. कुरुमे येथे पंचधान्यांच्या देवतेचे मंदिर आहे. त्याच्या उत्सवात त्याने आपल्या बाहुल्यांचे खेळ सुरू केले. पाण्याचा दाब, हवेचा दाब, वजनाची ओढ, यांपैकी जे हाताशी येईल त्याचा तो उपयोग करी. लोकांची झुंबड उडू लागली. पुढे आपला खेळ घेऊन तो ओसाका, क्योतो आणि एदो या मोठ्या शहरांपर्यंत फिरला. (आजचे तोक्यो शहर ते तेव्हाचे एदो.)

त्याच्या बाहुल्यांमध्ये ‘धनुर्धारी बालक’ ही सर्वश्रेष्ठ मानली जाते. ती आजही जपानमध्ये जतन करून ठेवलेली आहे. एका पेटीवर एक मुलगा बसलेला आहे. त्याच्या शेजारी घोडीवर चार बाण उभे आहेत. कळ सुटली की मुलगा मान वळवून बाणांकडे पाहतो, हात पुढे नेऊन एक बाण उचलतो, तो धनुष्याच्या दोरीला लावतो, मान लक्ष्याकडे फिरवतो, दोरी ओढतो आणि बाण सोडतो. मग दुसरा बाण, तिसरा, चौथा. पेटीच्या आत एका आसावर अनेक चकत्या बसवलेल्या आहेत. त्यांच्या कडा गोल नसून उंचसखल आहेत. आस फिरू लागला की त्या कडांवर टेकलेल्या तरफा वरखाली होतात व तरफांना बांधलेले दोरे बाहुलीची मान, खांदा व हात ओढतात. एकेका चकतीच्या कडेवर एकेका अवयवाची हालचाल जणू कोरून ठेवलेली असते. कड केसभर चुकली तरी बाण दोरीवर बसायचा नाही.

या बाहुलीविषयी दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. तिचा चेहरा लाकडाचाच आहे. तो हलत नाही. परंतु मान किंचित खाली किंवा वर होताच प्रकाशछायेमुळे त्यावर एकाग्रता वा समाधान उमटल्याचा भास होतो. आणि दुसरी गोष्ट अशी की, चार बाणांपैकी एक बाण मुद्दाम हुकावा अशी योजना हिसाशिगेने करून ठेवली. सारे बाण लागले असते तर लोकांनी यंत्राची वाहवा केली असती. एक हुकल्यामुळे ते हळहळतात, आणि पुढचा बाण लागताच टाळ्या वाजवतात. प्रेक्षकांचे मन ओळखणारा असा कारागीर विरळाच.

हाताने वस्तू उचलणे व ती योग्य जागी नेऊन बसवणे हे आपल्याला किती सोपे वाटते! तान्हे मूलही खुळखुळा उचलते. परंतु यंत्राला ते अतिशय अवघड आहे. हिसाशिगेचा धनुर्धारी आंधळा होता, हे विसरून चालणार नाही. बाण ठरल्या जागेवरून बोटभर सरकवला तर तो हवेतच मूठ मिटील आणि रिकामे धनुष्य ओढील. आपली चूक त्याला कळणारही नाही. डोळ्यांनी वस्तू शोधावी, बोटांना तिचा स्पर्श कळावा आणि त्याप्रमाणे हाताने आपली चाल बदलावी, ही मजल गाठण्यास आणखी पुष्कळ काळ जावा लागला. तोक्यो येथील वासेदा विद्यापीठात १९७३ साली ‘वाबोट-१’ नावाचा पूर्णाकृती मानवसदृश यंत्रमानव तयार झाला. त्याला दोन पाय होते, अंतर मोजणारी कृत्रिम इंद्रिये होती आणि हाताला स्पर्श जाणण्याची सोय होती. तो सावकाश का होईना चालत असे व वस्तू धरून नेत असे. त्यानंतर अर्धशतक लोटले. पण अनोळखी वस्तू मानवी हाताच्या सहजतेने हाताळणारा हात घडवण्याचा प्रश्न यंत्रमानवाच्या संशोधकांना अद्यापि पुरता सुटलेला नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे लाकूड, दोरा आणि कमान एवढ्याच सामग्रीवर त्या कारागिराने काय साधले याची खरी किंमत कळते.

१८३४ साली हिसाशिगे कुटुंबासह ओसाकास राहावयास गेला. बाहुल्यांचा खेळ लोकांना रिझवी. परंतु त्यावर संसार चालवणे कठीण होते. शिवाय ते दुष्काळाचे दिवस होते. तेथे त्याने घडी घालून खिशात ठेवता येईल अशी मेणबत्तीची घोडी तयार केली व ती विकू लागला. धंद्याचा जम बसतो न बसतो तोच १८३७ साली ओसाकात दंगा उसळला. तांदूळ महागला होता, गोरगरीब उपाशी मरत होते आणि अधिकारी व सावकार स्वस्थ होते. ओशिओ हेइहाचिरो नावाच्या एका माजी अधिकाऱ्यानेच अखेर बंडाचा झेंडा उभारला. बंड एका दिवसात मोडले. पण त्यातून लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. हिसाशिगेचे घरही त्यात गेले.

तो क्योतोजवळच्या फुशिमी गावी आला आणि रिकाम्या हाताने पुन्हा आरंभ केला. त्या काळी लोक राईच्या जातीच्या बियांचे तेल पणतीत जाळीत. तेल दाट असल्याने वातीवर नीट चढत नसे आणि दिवा वारंवार मंदावे. हिसाशिगेने दिव्याच्या बुडाशी हवा दाबून भरण्याची सोय केली. दाबलेली हवा तेलाला वर ढकलीत राही, त्यामुळे दिवा तासन्‌तास एकसारखा व मेणबत्तीच्या कितीतरी पट प्रखर जळे. हा दिवा व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर फार लोकप्रिय झाला. आग विझवण्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा सोडणारा एक पंपही त्याने बनवला. ज्याचे घर आगीत जळाले त्याने तो बनवावा, यात नवल नाही.

पैसा हाती आल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. हिसाशिगेने पन्नाशीच्या उंबरठ्यावर विद्यार्थी होण्याचे ठरवले. त्याला घड्याळे करायची होती, आणि ग्रहगोलांच्या गतीचे गणित आल्यावाचून आपल्या मनातील घड्याळ होणार नाही हे त्याने ओळखले होते. पंचांगाचे काम परंपरेने पाहणाऱ्या क्योतोतील एका घराण्याकडे त्याने ज्योतिर्गणिताचे अध्ययन केले. डच विद्या जाणणाऱ्या एका पंडिताच्या पाठशाळेतही तो जाऊन बसू लागला. वर्गातील इतर विद्यार्थी त्याच्या मुलांच्या वयाचे असतील!

या अभ्यासाचे फळ १८५१ साली पूर्ण झाले. ‘दशसहस्र वर्षांचे घड्याळ’ असे त्याचे नाव. घड्याळास सहा तबकड्या आहेत. एकीवर युरोपीय पद्धतीची वेळ दिसते, दुसरीवर जपानी प्रहर. इतरांवर वार, ऋतूंचे चोवीस भाग, साठांच्या चक्रातील दिवस, चंद्राची कला व तिथी. सर्वांच्या माथ्यावर काचेच्या घुमटात जपानचा नकाशा असून त्यावर सूर्य व चंद्र यांच्या लहान प्रतिमा फिरतात. एकदा किल्ली दिली की वर्षभर चालावे, अशी त्याची योजना होती. आतील भाग एक हजाराहून अधिक आहेत. त्यांतील बहुतेक सारे हिसाशिगेने कानस, करवत अशा साध्या हत्यारांनी घडवले.

यांतील जपानी प्रहरांची तबकडी हे खरे दिव्य होते. त्या काळच्या जपानी रीतीप्रमाणे दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करीत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून दिवसाचा प्रहरही मोठा. हिवाळ्यात तोच आखूड. आज जो प्रहर जेवढा आहे तेवढा तो पंधरवड्याने राहत नाही. युरोपीय घड्याळाला ही पंचाईत नाही. त्याचा तास बारा महिने सारखाच. सामान्य जपानी घड्याळात माणसाला ठरावीक दिवसांनी खुणा हाताने सरकवाव्या लागत. हिसाशिगेच्या घड्याळात त्या खुणा वर्षभर आपोआप जवळ येतात व दूर जातात. त्यासाठी त्याने एक आगळे चाक कल्पिले. ते एकाच दिशेने फिरणारी गती घेते आणि खुणांना मागेपुढे नेते. धनुर्धारी बालकाचा हात पुढे नेऊन मागे आणणाऱ्या बुद्धीनेच हे चाक घडवले असले पाहिजे, असे ते पाहणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नाही. बाहुल्या करण्यात त्याची वर्षे वाया गेली असे म्हणणाऱ्याने हे घड्याळ एकदा पाहावे.

१८५३ साली जपानच्या बंद दारावर थाप पडली. अमेरिकेच्या काळ्या आगबोटी एदोच्या उपसागरात शिरल्या. त्याच वर्षी पुत्यातिन या रशियन नौसेनापतीची जहाजे नागासाकीस आली. रशियनांनी जहाजावर वाफेच्या गाडीची एक लहान प्रतिकृती चालवून दाखवली. पाहणाऱ्यांत सागा संस्थानचे लोक होते. सागाचा संस्थानिक नाबेशिमा नाओमासा हा दूरदृष्टीचा पुरुष होता. त्याने आपल्या राज्यात शास्त्रीय प्रयोगांसाठी एक संस्था उघडली होती. तिचा एक चालक सानो त्सुनेतामी, जो पुढे जपानी रेडक्रॉसचा संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आला, त्याने क्योतोहून हिसाशिगे व त्याचा दत्तक पुत्र यांना सागास बोलावून घेतले. हिसाशिगेचे वय तेव्हा चौपन्न-पंचावन्न होते.

वाफेचे यंत्र त्याने यापूर्वी घडवले नव्हते. डच ग्रंथांचे भाषांतर सहकाऱ्यांनी करावे, आकृत्या पाहून धातूचे काम त्याने करावे, अशी वाटणी झाली. १८५५ साली वाफेच्या गाडीची प्रतिकृती तयार झाली. मद्यार्काच्या ज्योतीवर पाणी उकळून ती इवल्याशा रुळांवर धावू लागली. जपानी हातांनी घडवलेली व चाललेली ती पहिली वाफेची गाडी मानतात, आणि ती आजही सागा येथे पाहावयास मिळते. वाफेच्या नौकेच्या प्रतिकृतीही झाल्या. मग खऱ्या नौकेचे काम निघाले, आणि १८६५ साली ‘र्‍योफू मारू’ ही सुमारे १८ मीटर लांबीची आगबोट पाण्यात उतरली. तिचा बाष्पक हिसाशिगेच्या देखरेखीखाली तयार झाला होता.

परंतु त्या आगबोटीच्या जलावतरणाचा आनंद त्याच्या वाट्यास निर्भेळ आला नाही. आदल्याच वर्षी, १८६४ साली, नागासाकी येथे त्याचा दत्तक पुत्र आणि नातू या दोघांची हत्या झाली. मारेकरी परका नव्हता. सागाच्याच सेवेतील एका माणसाचा तोल सुटला आणि त्याने तलवार उपसली. मुलगा कामात त्याचा उजवा हात होता. सागाला तो ज्याला बरोबर घेऊन आला, तो असा गेला. हिसाशिगे पासष्टीचा होता. त्याने काम सोडले नाही, एवढेच त्याच्या चरित्रकारांना सांगता येते. कुरुमेच्या संस्थानिकाने आपल्या या गावकऱ्याला परत बोलावले आणि तोफा व यंत्रे घडवण्याचे काम त्याच्यावर सोपवले.

१८६८ साली जपानमध्ये राज्यक्रांती झाली. पुढे संस्थाने गेली, एदोचे तोक्यो झाले, आणि नव्या सरकारला देशभर तारायंत्रे हवी झाली. ती परदेशाहून आणावी लागत. १८७३ साली सरकारने हिसाशिगेला तोक्योस पाचारण केले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याने गाव सोडले, राजधानीत बिऱ्हाड केले आणि तारायंत्रे बनवण्यास आरंभ केला. १८७५ साली गिन्झा या भागात त्याने आपले दुकान व कारखाना थाटला. कोणतेही यंत्र कल्पून व करून देण्याची मागणी येथे स्वीकारली जाईल, अशा आशयाची पाटी त्याने दारावर लावली होती. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने लावावी अशी ती पाटी नव्हे. पण ती बढाई नव्हती. मागणी घेऊन येणारे तरुण कारागीर त्याच्याकडे शिकू लागले, आणि पुढे त्यांतील काहींनी स्वतःचे कारखाने काढले.

७ नोव्हेंबर १८८१ रोजी तो मरण पावला. त्याचा दुसरा दत्तक पुत्र दाइकिचि याने हिसाशिगे हेच नाव धारण केले व १८८२ साली शिबाउरा येथे मोठा कारखाना उभारला. या कारखान्याची वाढ होत होत १९३९ साली त्यातून ‘तोक्यो शिबाउरा’ ही विजेच्या यंत्रांची कंपनी निर्माण झाली. तिचे ‘तोशिबा’ हे आखूड नाव आपल्याकडेही सर्वांच्या परिचयाचे आहे.

दशसहस्र वर्षांचे घड्याळ तोक्योच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेले आहे. २००५ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याची प्रतिकृती करावी असे ठरले, तेव्हा सुमारे शंभर तज्ज्ञांनी मूळ घड्याळाचे भाग सुटे करून तपासले. त्याच सुमारास हिसाशिगेची म्हणून ओळखली जाणारी आणखी एक बाहुली, जी दीर्घकाळ अमेरिकेत होती, ती जपानला परत आली. ही बाहुली लेखनिक आहे. दुरुस्तीनंतर तिच्या हाती कुंचला दिला आणि कळ फिरवली, तेव्हा तिने हाताबरोबर मान हलवीत कागदावर चार अक्षरे काढली. त्यांचे अर्थ दीर्घायुष्य, देवदार, वेळू आणि आलुबुखाराचे फूल असे आहेत.